नासाचं एसएलएस रॉकेट: उड्डाण चोख, पण टाकी भरताना जीव काढतं

एसएलएसच्या बुडाशी, लाँचरच्या ओट्यावर, सुमारे १० मीटर उंचीचे दोन खांब उभे असतात. एकातून द्रव हायड्रोजन रॉकेटच्या पोटात जातो, दुसऱ्यातून द्रव ऑक्सिजन. हायड्रोजनची मुख्य नळी आठ इंची. ती रॉकेटला जिथे भिडते तिथे एक झटक्यात सुटणारी जोडणी आहे: अर्धी खांबाकडची, अर्धी रॉकेटकडची, मध्ये सील. उणे २५३ अंश सेल्सिअसला या जोडणीतून गळती होता कामा नये, आणि उड्डाणाच्या क्षणी तिनं कुठेही न अडकता सुटलं पाहिजे. घट्टही हवी आणि सुटसुटीतही हवी. एसएलएस कसं आहे, याचं अर्धं उत्तर या जोडणीपाशीच मिळतं.

हे परीक्षण एसएलएसच्या ब्लॉक १ या आवृत्तीचं, आणि आधार १६ नोव्हेंबर २०२२ च्या पहिल्या उड्डाणाचा, म्हणजे नासाच्या आर्टेमिस या चांद्र कार्यक्रमातल्या आर्टेमिस १ चा. त्यात माणसं नव्हती. पण रॉकेट माणसांसाठीच बांधलेलं आहे, म्हणून कसोटीही तीच लावली आहे: चार माणसांचं ओरायन यान चंद्राच्या वाटेला लावायला हे रॉकेट किती भरवशाचं आहे, आणि तो भरवसा किती वेळा मिळतो?

आधी अंगकाठी. उंची ९८ मीटर, उड्डाणाच्या वेळचं वजन सुमारे २६०० टन, रेटा ८८ लाख पौंड, म्हणजे साधारण ३९ मेगान्यूटन. मधला नारिंगी गाभा ६४.६ मीटर लांब आणि ८.४ मीटर व्यासाचा. त्याच्या खाली चार आरएस-२५ इंजिनं, दोन्ही बाजूंना पाच-पाच खंडांचे घन इंधनाचे बूस्टर, वर एका इंजिनाचा छोटा टप्पा आणि त्याच्यावर ओरायन. उंची-वजनाची कल्पना यायची असेल तर आपलं, इस्रोचं एलव्हीएम३ रॉकेट आठवा: ४३.५ मीटर उंच, ६४० टन वजनाचं. एसएलएसच्या एकाच बूस्टरचं वजन ७२६ टन आहे. म्हणजे अख्ख्या एलव्हीएम३पेक्षा जड अशा दोन नळकांड्या या रॉकेटच्या बगलेला लटकवलेल्या असतात.

सुरुवातीच्या रेट्यातला तीन चतुर्थांशाहून जास्त वाटा या बूस्टरांचाच. ते १२६ सेकंद जळतात आणि गळून पडतात. नासाच्या आधीच्या स्पेस शटल या यानाच्या काळात बूस्टरांना चार खंड होते, पॅराशूटनं ते समुद्रात उतरवत आणि परत वापरत. आता खंड पाच आहेत, पोलादी कवचं बरीचशी शटलचीच जुनी आहेत, पण पॅराशूट काढून टाकली आहेत. दर उड्डाणाला ही कवचं समुद्राच्या तळाशी जातात. असं कवच बनवणं किती कष्टाचं असतं हे महाराष्ट्रात तरी वेगळं सांगायला नको. इस्रोच्या एस२०० बूस्टरची कवचं इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरला घडली आहेत. पॅराशूट काढल्यानं वजन वाचतं आणि वर न्यायचा भार वाढतो, हा नासाचा हिशेब बरोबर आहे. तरीही वर्षानुवर्षं टिकलेली कवचं एकेका उड्डाणाला संपताना पाहून हळहळ वाटते.

घन बूस्टरांची आणखी एक अडचण बाहेरच्यांच्या सहसा लक्षात येत नाही. रॉकेट उभं करताना सगळ्यात आधी बूस्टरचे खंड एकावर एक रचतात. मग दोन बूस्टरांच्या मध्ये गाभा वरून उतरवतात. पहिल्या दोन खंडांचा सांधा जुळला की घड्याळ सुरू होतं. सांध्यातलं रबरी आवरण स्वतःच्या आकाराच्या ताणानं सांधा बंद ठेवतं, आणि वरच्या शेकडो टनांखाली ते हळूहळू दबतं. म्हणून रचना केल्यापासून १२ महिन्यांची मुदत ठरवली होती. आर्टेमिस १ चे बूस्टर २०२० च्या शेवटी रचायला घेतले आणि उड्डाण झालं नोव्हेंबर २०२२ मध्ये. मध्ये मोजमापं आणि विश्लेषण करून मुदत वाढवावी लागली. वरचा कुठलाही भाग रखडला तरी खालच्या बूस्टरांचं आयुष्य खर्ची पडत राहतं.

इंजिनांबद्दल मात्र मनापासून चांगलं बोलावं असं खूप आहे. आरएस-२५ म्हणजे शटलचं मुख्य इंजिन. हायड्रोजन आणि ऑक्सिजन आधी छोट्या कक्षांत अर्धवट जाळून त्या वायूवर पंप फिरवायचे आणि तोच वायू पुढे मुख्य कक्षात पूर्ण जाळायचा, अशी त्याची रचना आहे. एक थेंब वाया जात नाही. मूळच्या ठरवलेल्या क्षमतेच्या १०९ टक्क्यांवर एसएलएसमध्ये ही इंजिनं चालतात, आणि निर्वातात प्रत्येकी सुमारे २२८० किलोन्यूटन रेटा देतात. शटल थांबलं तेव्हा अशी १६ इंजिनं शिल्लक होती. पहिल्या चार उड्डाणांची सोय त्यातूनच. पहिल्या उड्डाणातली चारही इंजिनं शटलवर अंतराळात जाऊन आलेली होती. त्यांनी आठ मिनिटं कुरकूर न करता काम केलं आणि गाभ्याबरोबर नष्ट झाली. परत वापरता यावीत म्हणून इतक्या बारकाईनं घडवलेली इंजिनं एकदाच वापरून टाकणं, हा या रॉकेटच्या आखणीतला सगळ्यात खटकणारा निर्णय आहे. पुढच्या २४ नव्या इंजिनांचं कंत्राट, कारखान्याची घडी पुन्हा बसवण्याच्या खर्चासकट, साडेतीन अब्ज डॉलरच्या आसपास गेलं.

गाभा न्यू ऑर्लिन्सच्या मिशू कारखान्यात बनतो. पहिला गाभा बार्जवरून मिसिसिपीतल्या स्टेनिस केंद्रात नेऊन जमिनीला जखडून पेटवला. १६ जानेवारी २०२१ च्या पहिल्या चाचणीत इंजिनं आठ मिनिटं चालायला हवी होती, ती ६७ सेकंदांत बंद झाली. दोष इंजिनाचा नव्हता. इंजिनं वळवणाऱ्या हायड्रॉलिक यंत्रणेच्या मर्यादा चाचणीपुरत्या फार काटेकोर लावल्या होत्या, आणि त्या ओलांडल्या जाताच संगणकानं सगळं थांबवलं. १८ मार्चच्या दुसऱ्या चाचणीत इंजिनं ४९९ सेकंद सलग चालली.

आता पुन्हा त्या आठ इंची नळीकडे येऊ, कारण खरं दुखणं तिथेच आहे.

गाभ्यात सुमारे २० लाख लिटर द्रव हायड्रोजन आणि ७ लाख ४० हजार लिटर द्रव ऑक्सिजन मावतो. हायड्रोजनचं आकारमान जवळजवळ तिप्पट, पण वजन जेमतेम १४४ टन. ऑक्सिजन साडेआठशे टनांच्या घरात. इतका हलका आणि इतका थंड द्रव भरायचा तर घाई करून चालत नाही. आधी नळ्या थंड करायच्या. मग टाकीत संथ धार सोडायची. टाकीचं तळ गार झालं की जोराची धार. टाकी काठोकाठ आली की वरवर भरणं. आणि शेवटी उकळून उडून जाईल तितकंच परत घालत राहायचं, थेट उड्डाणापर्यंत. संथ धारेवरून जोराच्या धारेवर जाताना नळीतला दाब वाढतो आणि जोडणीची कसोटी लागते. धातू उणे २५३ अंशांना आकसतो. जोडणीचे दोन्ही अर्धे वेगवेगळ्या वस्तूंना बांधलेले असल्यानं सारखे आकसत नाहीत. आणि हायड्रोजनचा रेणू सगळ्यांत लहान, त्याला केसाएवढी फटही पुरते. जोडणीभोवतीच्या पोकळीत न पेटणारा वायू खेळवतात आणि तिथे हायड्रोजनचं प्रमाण मोजत राहतात. पहिल्या मोहिमेत मर्यादा ४ टक्के होती, कारण हवेत त्याहून जास्त हायड्रोजन झाला की तो पेट घेऊ शकतो.

२०२२ मध्ये काय काय झालं ते क्रमानं पाहिलं की नमुना दिसतो. एप्रिलमधल्या इंधन भरण्याच्या सरावांत गळती. २० जूनच्या सरावात उलटी मोजणी २९ सेकंदांपर्यंत आली, पण हायड्रोजनच्या दुसऱ्या, चार इंची नळीच्या जोडणीतून गळती. २९ ऑगस्टला उड्डाणाचा पहिला प्रयत्न: ३ क्रमांकाचं इंजिन पुरेसं गार होत नाहीये असं दिसलं, उड्डाण रद्द. नंतर कळलं की इंजिन गार होतं, तापमापक चुकीचं सांगत होता. ३ सप्टेंबरला दुसरा प्रयत्न. नळी थंड करताना हातानं दिलेल्या आज्ञांच्या क्रमात चूक झाली आणि नळीतला दाब २० पीएसआयच्या (दर चौरस इंचाला पौंड) जागी ६० वर गेला. त्यानंतर आठ इंची जोडणीतून गळती सुरू झाली, तीही मर्यादेच्या दुप्पट-तिप्पट. जोडणी कोमट होऊ द्यायची आणि परत गार करायची, म्हणजे सील आपल्या जागी बसेल, हा उपाय केला. हेलियमचा दाब देऊन पाहिलं. तीन वेळा प्रयत्न करून शेवटी सोडून द्यावं लागलं.

सील काढून पाहिलं तेव्हा त्यावर एक बारीकशी खळगी सापडली, इंचाच्या शंभराव्या भागाहूनही लहान. पाव मिलिमीटर. ९८ मीटरच्या रॉकेटला पाव मिलिमीटर! बहुधा एखादा कण सीलखाली आला असावा. दाब चुकून वाढल्यामुळेच गळती झाली, असं मात्र ठामपणे म्हणता आलं नाही.

इथे तंत्रज्ञांचा एक निर्णय दाद देण्यासारखा होता. सील बदलायला रॉकेट उड्डाणाच्या पॅडवरून परत त्याच्या जुळणीच्या इमारतीत नेता आलं असतं. तिथे वारा-पाऊस नाही, काम सोपं. पण इमारतीत द्रव हायड्रोजन भरता येत नाही, म्हणजे नवं सील थंडीत टिकतं का ते तिथे तपासता येत नाही. म्हणून सील पॅडवरच, आडोसा उभारून, बदललं. २१ सप्टेंबरला फक्त टाकी भरून पाहिली, आणि तीही नव्या पद्धतीनं: दाब हळूहळू, पायरीपायरीनं चढवत. सुरुवातीला गळती झालीच, पण जोडणी कोमट करून पुन्हा गार केल्यावर सील बसलं आणि टाकी पूर्ण भरली. यंत्र तेच, नळी तीच. बदललं फक्त सील आणि हाताळणी. इतकी वर्षं अनुभव असलेल्या संस्थेला हे आधी का सुचलं नाही, असं वाटू शकतं. पण १९९० च्या उन्हाळ्यात कोलंबिया आणि अटलांटिस ही दोन्ही शटल हायड्रोजनच्या गळतीनंच महिनोन्महिने जमिनीवर अडकली होती. हे दुखणं जुनं आहे आणि रॉकेटबरोबर वारशानं आलेलं आहे.

रॉकेट पॅडवर किती दिवस राहू शकतं, हेही टाकीइतकंच महत्त्वाचं. वाट चुकली तर रॉकेट हवेतच स्फोटानं नष्ट करणाऱ्या सुरक्षा यंत्रणेच्या बॅटऱ्यांची तपासणी ठरावीक दिवसांनी करावी लागते: मूळ मुदत २० दिवसांची, ती पुढे २५ पर्यंत वाढवून घेतली. ती तपासणी फक्त इमारतीत होते. पॅड ते इमारत अंतर सुमारे ७ किलोमीटर. रॉकेटला उचलून नेणाऱ्या क्रॉलरचा वेग ताशी दीड किलोमीटरहून कमी. जाण्या-येण्यात रात्री जातात. त्यात फ्लोरिडाची वादळं. सप्टेंबरच्या शेवटी इयन वादळासाठी रॉकेट आत न्यावं लागलं. १० नोव्हेंबरच्या निकोल वादळात ते पॅडवरच उभं राहिलं, आणि ओरायनच्या बाहेरच्या सांध्यावरची, फट बुजवणाऱ्या लुकणाची एक लांब पट्टी सुटून निघाली.

शेवटी १५ नोव्हेंबरची रात्र. टाकी भरून वरवर भरण्याचं काम चाललेलं असताना लाँचरच्या तळघरातल्या एका झडपेतून हायड्रोजन झिरपू लागला. तीन जणांची तुकडी भरलेल्या रॉकेटच्या बुडाशी गेली. हातात नट आवळायचे पाने. झडपेचे सैल झालेले नट त्यांनी आवळले आणि परत आले. गळती थांबली. या सगळ्या मोहिमेतलं सर्वांत जोखमीचं काम त्या रात्री त्या तिघांनी केलं, आणि ते पान्यानं केलं. त्यानंतर रडार केंद्रातला एक नेटवर्क स्विच बदलावा लागला. १६ नोव्हेंबरला तिथल्या पहाटे १:४७ ला, आपल्याकडे दुपारी १२:१७ ला, रॉकेट सुटलं.

आणि सुटल्यावर काय सुंदर चाललं! दोन मिनिटं बारा सेकंदांच्या सुमारास बूस्टर सुटले. आठ मिनिटांनी इंजिनं बंद. गाभ्यानं यान ज्या लंबवर्तुळाकार कक्षेत सोडायचं होतं, तिच्या सर्वोच्च बिंदूतला फरक सहा किलोमीटरांच्या आत. दीड तासानं वरच्या टप्प्यानं आपलं एकुलतं एक इंजिन १८ मिनिटं चालवलं आणि ओरायनला चंद्राच्या वाटेला लावलं. ओरायन पृथ्वीपासून ४ लाख ३२ हजार किलोमीटरांपर्यंत गेलं आणि ११ डिसेंबरला प्रशांत महासागरात उतरलं. पहिल्याच उड्डाणात इतकं नेमकं काम करणारी रॉकेटं मोजकीच. ज्वाळांनी लाँचरच्या लिफ्टची दारं उखडली, पण तो लाँचरचा प्रश्न. उड्डाणाबद्दल बोलायचं तर पूर्ण गुण.

परतीला ओरायनच्या उष्णतारोधक ढालीवरचा कोळसा झालेला थर शंभराहून जास्त जागी अपेक्षेपेक्षा वेगळ्या रीतीनं निघाला. थरात तयार झालेला वायू बाहेर पडायला पुरेशी छिद्रं नव्हती, आतला दाब वाढून तडे गेले, असं कारण नासानं डिसेंबर २०२४ मध्ये जाहीर केलं. तो दोष यानाचा. रॉकेटच्या खात्यावर मांडता येत नाही.

रॉकेटच्या खात्यावर मांडायची ती वरच्या टप्प्याची कमजोरी. हा टप्पा डेल्टा ४ रॉकेटवरून उचललेला, त्यात एकच आरएल१० इंजिन, रेटा सुमारे ११० किलोन्यूटन. अपोलोची माणसं चंद्राकडे नेणाऱ्या सॅटर्न ५ रॉकेटच्या तिसऱ्या टप्प्यातल्या जे-२ इंजिनाचा रेटा याच्या नऊ पट होता. म्हणूनच जमिनीवरून सुटताना एसएलएसचा रेटा सॅटर्नहून जास्त असूनही चंद्राच्या वाटेला ते फक्त २७ टन लावू शकतं, आणि सॅटर्न ४५ टनांहून जास्त लावत असे. २७ टनांत ओरायन बसतं. चंद्रावर उतरायचं यान त्याच्याबरोबर बसत नाही. ते वेगळ्या रॉकेटनं पाठवावं लागतं. ओरायनच्या स्वतःच्या टाक्याही अपोलोच्या मानानं लहान, त्यामुळे चंद्राच्या अगदी जवळच्या कक्षेत शिरून परत निघण्याइतका जोर त्यात नाही. साडेसहा दिवसांची, चंद्रापासून ७० हजार किलोमीटरांपर्यंत जाणारी लांबट कक्षा आर्टेमिसच्या आराखड्यात आली ती याच कारणानं. चार आरएल१० इंजिनांचा मोठा टप्पा बसवलेल्या ब्लॉक १बी या आराखड्यात हीच क्षमता ३८ टनांवर जाते. रॉकेटला मुळात तसाच टप्पा शोभला असता.

माणसांशिवायच्या दूरच्या मोहिमांसाठी एसएलएस घ्यावं का? युरोपा क्लिपरचं उदाहरण बोलकं आहे. गुरूच्या या यानासाठी एसएलएसच वापरायचं असं अमेरिकन संसदेनं कायद्यात लिहिलं होतं. एसएलएसनं ते तीन वर्षांच्या आत थेट गुरूपाशी पोचलं असतं. पण घन बूस्टरांमुळे यानाला पिळवटणारे जे हादरे बसले असते, ते सोसण्यासाठी यानात सुमारे एक अब्ज डॉलरचे बदल करावे लागले असते. शेवटी यान १४ ऑक्टोबर २०२४ ला स्पेसएक्स कंपनीच्या फाल्कन हेवी रॉकेटवर गेलं. मंगळ आणि पृथ्वीला वळसे घालत एप्रिल २०३० ला पोचण्याच्या बेतानं. दुप्पट वेळ चालेल पण हे रॉकेट नको, असा हिशेब खुद्द नासालाच पटला.

किंमत तर डोळे पांढरे करणारी. नासाच्या महानिरीक्षकांनी २०२२ मध्ये मांडलेला आकडा: पहिल्या चार उड्डाणांसाठी प्रत्येकी ४.१ अब्ज डॉलर. त्यात रॉकेट २.२ अब्ज, ओरायन आणि त्याचा युरोपीय सेवाकक्ष मिळून १.३ अब्ज, बाकी जमिनीवरची व्यवस्था. विकासाचा खर्च यात धरलेलाच नाही. पण पैशापेक्षाही मोठी अडचण मधल्या अंतराची आहे. सॅटर्न ५ नं डिसेंबर १९६८ ते नोव्हेंबर १९६९ या अकरा महिन्यांत पाच वेळा माणसं नेली. एसएलएसच्या पहिल्या उड्डाणानंतर तीन वर्षं उलटली तरी दुसरं झालेलं नव्हतं. सील कसं बसवायचं, दाब किती सावकाश चढवायचा, ही हाताची विद्या आहे. वर्षातून चार वेळा केली तर अंगात मुरते. तीन वर्षांतून एकदा केली तर दर वेळी नव्यानं गिरवावी लागते.

मग स्पेसएक्सच्या स्टारशिप या महाकाय रॉकेटची वाट पाहावी का? त्यात मिथेन आहे, तो उणे १६१ अंशांना उकळतो, रेणूही मोठा, हाताळायला हायड्रोजनपेक्षा कितीतरी सोपा. पण चंद्राकडे जायचं तर स्टारशिपला आधी पृथ्वीभोवतीच टँकर पाठवून पाठवून इंधन भरावं लागतं. एसएलएस एका झेपेत ओरायनला चंद्राच्या वाटेला लावतं, आणि काही बिघडलंच तर यानाला ओढून दूर नेणारं सुटकेचं रॉकेट टोकावर तयार असतं. घन बूस्टर पेटले की विझवता येत नाहीत, त्यामुळे ही सोय इथे अत्यावश्यकच. चार माणसांना चंद्रापर्यंत नेऊन परत आणायचं असेल तर आज एसएलएसवर विश्वास ठेवता येतो. फक्त तारखेवर ठेवू नये.

थेट प्रक्षेपण पाहणाऱ्यांसाठी थोडं. टाकी भरणं उड्डाणाच्या आठ-दहा तास आधी सुरू होतं; खरी उत्कंठा तेव्हाची, शेवटच्या दहा सेकंदांची नव्हे. हायड्रोजन संथ धारेवरून जोराच्या धारेवर गेला, असं निवेदक सांगेल तो क्षण चुकवू नका. तिथे 'गळतीवर लक्ष ठेवून आहोत' हे वाक्य आलं की निदान तासाभराचा विलंब धरून चाला. मोजणी १० मिनिटांवर ठरवून थांबते. ती थांबली म्हणून घाबरायचं कारण नाही. शेवटच्या अर्ध्या मिनिटात सूत्रं रॉकेटच्या संगणकाकडे जातात. सहा सेकंद उरले की चार इंजिनं एकामागून एक पेटतात, जळती वाफ खालून फुटते, पण रॉकेट जागचं हलत नाही. ते हलतं बूस्टर पेटल्यावरच, आणि त्याच क्षणी बुडाशी ती आठ इंची जोडणी सुटून खांबात मागे ओढली जाते.